उसाखालचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै लागला की कोल्हापूरकरांच्या बोलण्यात फूट आणि इंच येतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर पोहोचली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, तो काही दिवस बंदच होता. पण बंधाऱ्यावरचा आकडा बंधाऱ्यापुरताच. पात्राबाहेर पडलेलं पाणी शिरोळ तालुक्यात कुणाच्या शिवारात शिरलं, कुठल्या वाडीचा रस्ता तुटला, हे त्या पट्टीवर कळत नाही. त्यासाठी वरून बघावं लागतं.

साधा कॅमेरा इथे कामाचा नाही. पूर येतो तेव्हाच आभाळ गच्च भरलेलं असतं, आणि कॅमेऱ्याला दिसतात ते फक्त ढग. म्हणून रडार लागतो. युरोपचा सेंटिनेल-१ किंवा आपल्या इस्रोनं २०२२ साली सोडलेला ईओएस-०४ हे उपग्रह स्वतःच्या लहरी खाली सोडतात आणि परत काय येतं ते मोजतात. या लहरींची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते. त्या ढगांतून आरपार जातात आणि रात्रीही चालतात.

अंधारात साचलेल्या पाण्यावर बॅटरीचा तिरका झोत टाकून बघा. उजेड पुढे निसटतो, पाणी काळंच राहतं. शेजारची खडबडीत माती मात्र उजळते. रडारलाही संथ पाणी असंच काळं दिसतं. मे महिन्याचं चित्र आणि पुरातलं चित्र शेजारी ठेवायचं. जे नव्यानं काळं झालं, ते बहुतेक पुराचं पाणी. बहुतेक म्हणतो, कारण सह्याद्रीच्या डोंगरांआड, जिथे लहर पोहोचतच नाही, तिथे रडारची सावलीही काळीच पडते. ती उंचीच्या नकाशावरून वगळावी लागते. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र असे पूरनकाशे तयार करून प्रशासनाला देतं. सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. प्रत्यक्ष बारकावा त्याहून भरड असतो, तरी शेतकऱ्याच्या मापाच्या इतकं जवळ येणारं चित्र अवकाशातून, तेही फुकट मिळतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता खरी अडचण. कृष्णा-पंचगंगेच्या काठाला पीक कुठलं? ऊस. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस पुढच्या पुरापर्यंत वर्षाचा होतो, पुरुषभर उंचीच्या वर जातो. साडेपाच सेंटिमीटरची लहर त्याच्या पाल्यातच अडते. खाली कमरेएवढं पाणी असलं तरी नकाशावर ते रान कोरडं दिसू शकतं. गावठाणातही तसंच, पाण्यावरून सरकलेली लहर भिंतीवर आपटून परत फिरते आणि बुडालेली गल्ली काळी दिसण्याऐवजी चकाकते. शिवाय उपग्रह त्याच्या ठरल्या वेळेलाच येतो. पाणी मध्यरात्री सर्वांत वर चढून पुढच्या फेरीआधी उतरलं, तर तो कळस चित्रात येतच नाही. म्हणून नुसता नकाशा बघून कुणाचंही शेत पंचनाम्यातून वगळू नये, असं मला ठामपणे वाटतं.

उसाच्या बाबतीत आता आशा आहे ती निसारकडून. नासा आणि इस्रोचा हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला. त्याच्या एका रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे. ती पाल्यात तितकी अडत नाही, खालपर्यंत उतरू शकते; आणि उभ्या पिकाखाली पाणी असेल तर पाणी आणि खोड या दोहोंवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी जोरदार असतो. दाट उसात ती कितपत उतरते, हे मात्र रानात जाऊनच ताडून बघावं लागणार.

आणि ते तुमच्याशिवाय होणार नाही. पाणी ओसरलं की उसाच्या पाल्यावर गाळाची रेघ राहते. पुढच्या पावसानं ती धुऊन जाण्याआधी, लोकेशन चालू ठेवून मोबाइलवर तिचा फोटो काढा. पाणी किती वाजता चढलं आणि कधी उतरलं ते लिहून ठेवा, आणि तलाठी पंचनाम्याला आले की दोन्ही त्यांच्यापुढे ठेवा.

नमस्कार.