मोदकची सोनोग्राफी

सकाळचे सव्वासात, कोथरूडमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. चहाच्या आधी आजींचं पहिलं काम हे, वाटीत कोमट पाणी, कापसाचे बोळे आणि मांडीवर मोदक नावाचा बोका. जात पर्शियन, वय चार वर्षं, आणि तोंड पुसून घ्यायला रोज सकाळी तेवढाच ठाम नकार.

जरा जवळून बघा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकाच्या कडेने ही तांबूस रेघ उतरलीये ना, सगळ्यांना वाटतं मांजर रडतंय. रडत बिडत काही नाही. चेहरा इतका चपटा झालाय की डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी बारीक नळीच वाकडी झालीये, मग ते पाणी सरळ गालावर येतं. आजी पुसतात कशा ते बघा, आतून बाहेर, एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला लावायचा नाही. दोन दिवस राहिलं तर खालची कातडी लाल होते आणि वास सुटतो.

मग कंगवा. स्टीलचा, रोज, पोटाखाली आणि काखेत जास्त कारण जटा तिथेच होतात. एकदा झाली की कात्री लावायची नाही हं, मांजराची कातडी पातळ असते, जटेबरोबर तीही कात्रीत येते.

मोदक 'पंच फेस' आहे. मांजरांच्या बाजारातला हा शब्द. 'डॉल फेस' म्हणजे नाक थोडंफार दिसणारं, 'पंच' म्हणजे नाक पार डोळ्यांच्या मधे आत गेलेलं, आणि नाक जितकं आत तितका भाव वर. आता हा झोपल्यावरचा आवाज ऐका. घरी येणारे म्हणतात किती गोड घोरतो. अहो, त्याला श्वास ओढावा लागतोय. पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारभर पंखा याच्यासाठीच चालू असतो.

मूळ मांजर असं नव्हतं. 1620 च्या सुमारास पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी इराणात फिरत होता, त्याने खोरासानमधल्या लांब रेशमी केसांच्या मांजरांबद्दल लिहून ठेवलंय. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यातही पर्शियन होत्या, आणि त्या काळच्या चित्रांत त्यांना चांगलं सरळ नाक आहे. ते आत ढकललं ते नंतरच्या शौकिनांनी, पिढ्यानपिढ्या निवडून निवडून.

पण चेहरा निदान दिसतो तरी. पुढचं दिसत नाही.

हा दवाखाना. पोटाचे केस काढलेत, गार जेल लागलंय म्हणून मोदकचे कान असे मागे गेलेत, पुढचे पाय आजींच्या हातात. आता स्क्रीनकडे बघा. हा राखाडी, घेवड्याच्या दाण्यासारखा आकार म्हणजे किडनी. आणि त्यात हे काळे गोल, एक, दोन, तो कडेचा तिसरा... डॉक्टरांचं बोट थांबतं तिथे चौथा. हे पाण्याचे फुगे, सिस्ट. आजाराचं नाव पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, सगळे पीकेडी म्हणतात.

हे फुगे जन्मापासून असतात, सुरुवातीला अगदी बारीक, वयाबरोबर वाढतात. आणि हे येतं घराण्यातून. एका जनुकातला बिघाड, आई किंवा बाप, कुणा एकाकडून आला तरी पुरतो, म्हणजे दोघांतल्या एकाला पीकेडी असेल तर सरासरी निम्म्या पिल्लांना. वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांत साधारण तीन पर्शियनमधल्या एकीत हा सापडलाय. तो बिघाड नेमका कुठे आहे ते 2004 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी शोधलं, तेव्हापासून गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून टेस्ट होते. मांजराला टोचावंही लागत नाही. म्हणजे ब्रीडिंगच्या आधी नर-मादी दोघांची टेस्ट करायची, पॉझिटिव्ह निघेल त्याचं नसबंदीचं ऑपरेशन करून टाकायचं, विषय संपला. मोदक घेताना आजींच्या घरच्यांना लसीकरणाचं कार्ड मिळालं, बापाचे फोटो मिळाले, वर खाण्याची पिशवी फ्री. पीकेडीच्या टेस्टचा असा रिपोर्ट असतो हेच त्यांना दवाखान्यात पहिल्यांदा कळलं.

रक्ताचा रिपोर्ट आज नॉर्मल आहे, पण किडनीचा बराचसा भाग गेल्याशिवाय क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, वाढत नाही. बहुतेकांना सातेक वर्षांच्या आसपास त्रास सुरू होतो, फुगे घालवणारं औषध नाही.

म्हणून घरात आता चार ठिकाणी पाणी. हॉलमध्ये काचेचा बाऊल, गॅलरीत मातीचं भांडं, बेडरूममध्ये स्टीलची वाटी, आणि नातवाने आणलेलं हे विजेवर चालणारं कारंजं. कोरडं खाणं कमी केलंय, पातळ जास्त, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

मोदक यातल्या एकाही भांड्यातून पीत नाही. तो बाथरूममध्ये जातो, बादलीच्या काठावर पुढचे दोन पाय टेकतो, आणि आजी मग धरून उभ्या असतात.