विजेचा आकडा कसा तयार होतो

[दृश्य : ३३/११ केव्ही उपकेंद्राची कंट्रोल रूम, रात्र. फीडर पॅनलवरचं मीटर जवळून.]

महिन्याची पहिली तारीख, रात्रीचे बारा. उपकेंद्रातून गावागावांत जाणाऱ्या प्रत्येक ११ केव्ही (किलोव्होल्ट) फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, एक मीटर आहे. त्यावरचं रीडिंग ऑपरेटर लॉगशीटवर उतरवतो, किंवा मीटरला मोडेम असेल तर ते आपोआप सर्व्हरवर जातं. मागच्या महिन्याचं रीडिंग त्यातून वजा करायचं, येईल त्या फरकाला गुणकानं गुणायचं, की महिनाभरात त्या फीडरवर किती युनिट गेली ते कळतं. देशात वीज किती लागली, कुणी वापरली, किती वाया गेली हे सांगणारे जाडजूड सरकारी अहवाल अशा लाखो वजाबाक्यांवर उभे असतात.

आणि चूक होते ती बहुतेक वेळा या गुणकापाशीच. मीटरमधून फीडरचा सगळा प्रवाह जात नाही. सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, तो प्रवाह ठरलेल्या प्रमाणात लहान करून मीटरला देतो. समजा मीटर १००/५ च्या, म्हणजे १०० अँपिअरचे ५ करणाऱ्या, सीटीसाठी बसवलेलं आहे. लोड वाढला म्हणून सीटी बदलून २००/५ चा लावला. आता रीडिंगच्या फरकाला २ नं गुणायला हवं. सीटी बदलणारा विभाग वेगळा, रजिस्टर लिहिणारा वेगळा. गुणक जुनाच राहिला तर अडीच लाख युनिट गेलेली असताना कागदावर सव्वा लाखच दिसतात. फीडरवरच्या ग्राहकांची बिलं मात्र नेहमीसारखीच निघतात, आणि वीज आली त्यापेक्षा विकली जास्त, असा अशक्य हिशोब तयार होतो.

दुसरी चूक आणखी गुपचूप होते. पीटी, म्हणजे मीटरसाठी व्होल्टेज लहान करून देणारा पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर. त्याचा एका फेजचा फ्यूज उडाला, तर मीटरला त्या फेजचा व्होल्टेज मिळत नाही. थ्री-फेज फोर-वायर मीटर अशा वेळी साधारण एक तृतीयांश वीज मोजतच नाही. मीटर चालू असतं, आकडे पुढे सरकत असतात, त्यामुळे लक्षात येत नाही. फीडरचे अँपिअर तेवढेच आणि युनिट एकदम कमी, असं दिसलं की आधी पीटीचे फ्यूज पाहायचे.

तिसरी गडबड तारखांची. फीडरचं रीडिंग एक तारखेला होतं. ग्राहकांचं रीडिंग महिनाभर गल्लीगल्लीतून चालू असतं. कुणाचं बिल ५ ते ५ तारखेचं, कुणाचं १८ ते १८. एप्रिलमध्ये उकाडा वाढून वापर झपाट्यानं चढतो, तेव्हा फीडरवर तो लगेच दिसतो, पण बिलांत उशिरा उतरतो. म्हणून एखाद्या महिन्याची गळती अचानक वाढलेली दिसते आणि पावसाळा लागताच उणे होते. गळती पाहायची तर बारा महिन्यांची पाहावी. एका महिन्याच्या आकड्यावरून कुणाला जाब विचारू नये.

[दृश्य : औष्णिक केंद्र, चिमण्या, कन्व्हेअरवरचा कोळसा.]

निर्मितीच्या बाजूला मीटरिंग पक्कं असतं. मोठ्या केंद्रांत आणि राज्यांच्या सीमांवर दर १५ मिनिटांची नोंद होते, दिवसाचे ९६ भाग. कुठून किती वीज घ्यायची यावर लक्ष ठेवणारं महाराष्ट्राचं राज्य भार प्रेषण केंद्र कळवा-ऐरोलीला आहे, पश्चिम विभागाचं मुंबईत. तरी एक प्रश्न विचारावाच लागतो : हा आकडा जनरेटरच्या टोकाचा, की केंद्राबाहेर पडलेल्या विजेचा? ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भारावर दिवसभर चालला तर १ कोटी २० लाख युनिट होतात. पण कोळसा दळणाऱ्या चक्क्या, बॉयलरला पाणी देणारे पंप, मोठमोठे पंखे त्यातली साधारण ६ ते ९ टक्के वीज तिथंच खातात. एका तक्त्यात पहिला आकडा आणि दुसऱ्यात दुसरा घेऊन तुलना केली, तर दिवसाला आठ-दहा लाख युनिट हरवल्यासारखी वाटतात.

ही सगळी माहिती गोळा करायचा अधिकार कुणाला? वीज कायदा, २००३. त्यातल्या कलम ७३ नं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाला निर्मिती, पारेषण, व्यापार, वितरण आणि वापर या सगळ्यांची आकडेवारी गोळा करायचं काम दिलं. कलम ७४ नं ती देण्याचं बंधन परवानाधारकांवर, निर्मिती कंपन्यांवर आणि स्वतःच्या वापरासाठी वीज तयार करणाऱ्यांवरही घातलं. २००७ च्या विनियमांनी कोणता तक्ता कुणी आणि किती दिवसांनी भरायचा ते ठरवलं : काही रोज, काही दरमहा, काही वर्षातून एकदा. २०१७ च्या नोव्हेंबरात नॅशनल पॉवर पोर्टल सुरू झालं, आणि रोजची निर्मिती, कोळशाचा साठा, बंद पडलेले संच हे कुणालाही पाहता येऊ लागलं. कोळशाचा तक्ता तर रोज सकाळी उघडून बघावा असा आहे. ज्या केंद्राचा साठा ठरलेल्या प्रमाणाच्या २५ टक्क्यांखाली गेला, ते त्यात चिंताजनक म्हणून दिसतं.

तक्ता भरून आला की तपासणी. सगळ्यात जास्त चुका एककांच्या. आपल्याकडे बिलात युनिट, कार्यालयात लाख युनिट आणि दिल्लीच्या तक्त्यात दशलक्ष युनिट, म्हणजे एमयू. १० मेगावॉटच्या सौर प्रकल्पानं ३० दिवसांत १५.८४ लाख युनिट तयार केली, तर तक्त्यात १.५८४ लिहायला हवं. भरणाऱ्यानं १५.८४ लिहिलं, तर पकडायचं कसं? १० मेगावॉट, म्हणजे १० हजार किलोवॉट, गुणिले ७२० तास म्हणजे ७२ लाख युनिट, ७.२ एमयू. चोवीस तास सूर्य तळपला तरी त्यापुढे जाता येत नाही. म्हणजे भरलेला आकडा चूक. ही एक कसोटी लावली तरी निम्मा कचरा गाळून पडतो.

सौर प्रकल्पांत क्षमतेचा घोळही नेहमीचा. पॅनल १४ मेगावॉटची आणि त्यांची डीसी वीज ग्रिडच्या एसीत बदलणारे इन्व्हर्टर १० मेगावॉटचे, अशी रचना सर्रास असते. पॅनलची बेरीज डीसी क्षमता, इन्व्हर्टरची एसी. एकानं १४ लिहिलं, दुसऱ्यानं १०, तर एकाच प्रकल्पाची कार्यक्षमता एका तक्त्यात सुमार आणि दुसऱ्यात उत्तम दिसते.

[दृश्य : ऊस, विहीर, पंपाची पेटी. रोहित्रावरून निघालेल्या तारा.]

आता महाराष्ट्राच्या वीज हिशोबातल्या सगळ्यात अवघड रकान्याकडे वळू : शेतीपंप.

इथं लाखो जोडण्यांना वर्षानुवर्षं मीटर नव्हतं. दर ठरलेला होता तो पंपाच्या हॉर्सपॉवरवर, महिन्याला अमुक रुपये. ज्यांना मीटर लागलं त्यांतलीही बरीच पुढे बंद पडली, जळाली, किंवा रीडिंगला तिथवर कुणी पोचलंच नाही. मग शेतीनं वापरलेली वीज येते कुठून? ती काढली जाते.

रीत अशी. समजा एका शेती फीडरवर महिन्यात ३ लाख ६० हजार युनिट गेली. तारांमध्ये आणि रोहित्रांत होणारी तांत्रिक गळती १५ टक्के धरली. उरली ३ लाख ६ हजार. त्याच फीडरवर कुक्कुटपालनाच्या शेड आहेत, एखादी वस्ती आहे. त्यांची मीटरवरची २६ हजार युनिट वजा. राहिली २ लाख ८० हजार, ती पंपांची. रजिस्टरमध्ये पंपांचा एकूण भार ३,५०० एचपी. भागाकार केला : महिन्याला दर एचपी ८० युनिट. असे नमुन्याचे फीडर निवडून हा निर्देशांक काढायचा आणि बाकीच्या पंपांना लावायचा.

यातली प्रत्येक संख्या डळमळीत आहे. १५ टक्के गळती म्हणताना फीडर किती लांब, त्यावर रोहित्रं किती, हे कुणी मोजलं? तारांवर आकडे टाकून चोरलेली वीज या हिशोबात आपोआप शेतकऱ्याच्या नावावर चढते. रजिस्टरमधला भारही खरा नसतो. मंजूर पंप ३ एचपीचा, विहिरीवर बसवलेला ५ चा. उलटही होतं : विहीर आटली, पंप काढून नेला, जोडणी कागदावर जिवंत. ५ एचपीचा पंप म्हणजे ३.७३ किलोवॉट. आठ तास पूर्ण भारावर चालला तर सुमारे ३० युनिट. पण आठ तास वीज होती म्हणजे आठ तास पंप चालला असं नाही. पाऊस पडतो, फेज जातो, विहिरीला पाणी नसतं.

आता वरच्याच फीडरला फीडर न मोजता ठोकताळ्यानं ११० युनिट हा निर्देशांक लावून पाहा. ३,५०० गुणिले ११०, म्हणजे ३ लाख ८५ हजार. उपकेंद्रातून निघालेल्या विजेपेक्षाही जास्त! असा आकडा एकट्या फीडरवर लगेच उघडा पडतो. पण हजारो फीडरांच्या बेरजेत, जिल्ह्याच्या आणि राज्याच्या एका ओळीत, तो बेमालूम मिसळून जातो. आणि त्याचे परिणाम खरे असतात. फीडरवर गेलेली एकूण वीज मोजलेली आहे, ती बदलत नाही. त्यामुळे शेतीचा वापर जितका फुगवाल, तितकी चोरी आणि गळती कमी दिसते. शेतीसाठी सरकारनं द्यायचं अनुदान वाढतं, आणि शेतकरी न वापरलेल्या विजेचा धनी ठरतो. म्हणूनच राज्य वीज नियामक आयोगानं या वापराचा वेगळा अभ्यास करून घेतला आणि हिशोब फीडरच्या मीटरवर आणण्याचा आग्रह धरला. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्यात मोफत वीज आहे. बिल भरायचंच नसेल तर शेतकरी मीटरकडे बघणार नाही, हे उघड आहे. अशा वेळी फीडरचं मीटर हा एकच साक्षीदार उरतो. त्याचा सीटी, त्याचा फ्यूज, त्याचा गुणक सांभाळणं हे आता साध्या देखभालीचं काम राहिलेलं नाही.

[दृश्य : घराच्या गच्चीवरचे सौर पॅनल, खाली भिंतीवर नेट मीटर.]

शेतात मोजमाप नाही म्हणून आकडा फुगतो. गच्चीवर नेमकं उलट होतं.

३ किलोवॉटचा संच. दिवसाला साधारण १२ युनिट, महिन्याला ३६०. नेट मीटरवर दोन नोंदी दिसतात : ग्रिडमधून १५० युनिट घेतली, २०० परत दिली. बिल ५० युनिट जमेचं. पण घरानं वापरली किती? ३६० मधली २०० बाहेर गेली, १६० घरातच खपली, वर ग्रिडची १५०. एकूण ३१०. ही १६० युनिट नेट मीटरला दिसतच नाहीत, कारण ती मीटरपर्यंत पोचायच्या आधीच पंख्यांत आणि फ्रिजमध्ये संपली. इन्व्हर्टरजवळ वेगळं निर्मिती मीटर असेल आणि त्याचं रीडिंग खरोखर घेतलं जात असेल, तरच ती हिशोबात येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य १ कोटी घरांचं आहे. एवढ्या घरांचा दुपारचा वापर आकडेवारीतून गळला, तर शहरांतली विजेची गरज कमी झाली असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

अमेरिकेनं यावर एक सरळ मार्ग काढला. तिथली एनर्जी इन्फर्मेशन ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था १ मेगावॉट आणि त्यावरच्या वीज केंद्रांकडून माहिती भरून घेते. त्याखालच्या सौर संचांची निर्मिती ती नेट मीटरिंगच्या क्षमतेवरून काढते, आणि स्वतंत्र रकान्यात अंदाज म्हणूनच छापते. वाचणाऱ्याला कळतं की इथवर मोजलेलं, इथून पुढे काढलेलं. आपल्या शेतीच्या रकान्यालाही हीच वागणूक हवी.

साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीचा प्रश्नही याच जातीचा. गाळप हंगामात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, तयार झालेली एकूण वीज, कारखान्यानं स्वतः वापरलेली आणि ग्रिडला दिलेली, या तीन वेगळ्या संख्या आहेत. ग्रिडच्या नोंदीत फक्त तिसरी असते. बाकीच्या दोन कारखान्यानं विवरणपत्र भरलं तरच कळतात.

[दृश्य : जुने छापील अहवाल, तक्त्यांखालच्या बारीक अक्षरातल्या टिपा.]

जुनी आकडेवारी वाचताना व्याख्या तपासाव्या लागतात. मार्च २०१९ पर्यंत २५ मेगावॉटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्प नवीकरणीय ऊर्जेत धरत नव्हते. त्यानंतर धरू लागले. कोयना तीच, पाणीही तेच, रकाना बदलला. २०१८ आणि २०२० चे आकडे शेजारी ठेवून नवीकरणीय ऊर्जेनं उडी मारली असं कुणी सांगितलं, तर आधी मोठं जलविद्युत त्यात आहे का ते विचारा.

गावांच्या विद्युतीकरणाचंही तसंच. २००४ च्या व्याख्येप्रमाणे शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी वीज आणि किमान १० टक्के घरांत जोडणी असली की गाव विद्युतीकृत. २०११ च्या जनगणनेनं घराघरांत विचारलं की उजेड कशाचा? देशातल्या ६७.२ टक्के घरांनी वीज सांगितली, महाराष्ट्रातल्या ८३.९ टक्के. गाव मोजलं तर एक चित्र, घर मोजलं तर दुसरं.

[दृश्य : आलेख. अंदाजाची रेषा आणि प्रत्यक्ष मागणीची रेषा.]

या आकड्यांवरूनच पुढच्या मागणीचा अंदाज बांधला जातो. प्राधिकरणाचं विद्युत शक्ती सर्वेक्षण घरगुती, शेती, उद्योग, रेल्वे असा प्रत्येक वर्गाचा वापर वेगळा काढतं, त्यात गळती मिळवतं आणि त्यावरून सर्वोच्च मागणी ठरवतं. २०११ च्या अठराव्या सर्वेक्षणानं २०२१-२२ साठी सुमारे २८३ गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) सांगितले. २०१७ च्या एकोणिसाव्यानं ते सुमारे २२६ वर आणले. प्रत्यक्षात मागणी २०३ च्या आसपास राहिली. पहिल्या अंदाजातली तफावत ८० गिगावॉटची. अशा अंदाजांवर केंद्रं उभारली जातात, कर्जं काढली जातात आणि त्यांचा स्थिर आकार ग्राहकाच्या बिलात येतो. पुढे ३० मे २०२४ ला देशानं २५० गिगावॉटची मागणी भागवली. विसाव्या सर्वेक्षणाचा २०३१-३२ साठीचा अंदाज ३६६ गिगावॉटचा आहे.

शेतीचा वर्ग यात पंपांची संख्या, भार आणि वापर यांवरून पुढे नेला जातो. म्हणजे आज फीडरवर धरलेला ठोकताळा दहा वर्षांनंतरच्या अंदाजात वाढूनच उतरतो.

आता शेती फीडरांसाठी उपकेंद्रांजवळच सौर प्रकल्प येत आहेत. तिथं हिशोब नव्यानं मांडावा लागतो : ३३ केव्हीवरून आलेली वीज अधिक सौर प्रकल्पाची वीज बरोबर सगळ्या ११ केव्ही फीडरांची बेरीज, उपकेंद्रातली गळती धरून. दुपारी पंप बंद असतील तर सौर वीज उलटी ३३ केव्हीकडे चढते. इनकमरचं, म्हणजे ३३ केव्हीवरून येणाऱ्या वाहिनीचं, मीटर दोन्ही दिशांचे युनिट वेगळे नोंदवणारं नसेल, किंवा सर्व्हरवरचं सूत्र फक्त येणारी वीज धरत असेल, तर ही उलट गेलेली वीज त्याच उपकेंद्राच्या गळतीत जमा होते. म्हणून प्रकल्प ग्रिडला जोडायच्या दिवशीच इनकमर, प्रकल्प आणि प्रत्येक फीडर अशी तिन्ही ठिकाणच्या मीटरची घड्याळं एकाच वेळेला लावून, त्यांचे गुणक तपासून, पहिल्या आठवड्याचा ताळा जुळवून घ्यायचा. जुळला नाही तर त्या उपकेंद्राचा आकडा पुढे पाठवताना त्याच्यासमोर ‘अंदाजित’ असं लिहायचं.