उंची वाढते, बर्फ घटतो

एल निनो म्हटलं की आपल्याला आधी पावसाची धास्ती वाटते. पण त्याची झळ पश्चिम अंटार्क्टिकालाही लागते, आणि ती खालून, समुद्रातून लागते.

मध्य पॅसिफिकचं पाणी तापलं की तिथे उंचच उंच पावसाळी ढग तयार होतात. त्यांतून मोकळ्या होणाऱ्या उष्णतेने वरच्या हवेत रॉस्बी लहरी, म्हणजे हवेच्या प्रवाहातल्या प्रचंड लांबीच्या लाटा, उठतात आणि वळसा घेत पश्चिम अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगतच्या अ‍ॅमंडसन समुद्रापर्यंत जातात. तिथे एरवी कमी दाबाचं क्षेत्र ठाण मांडून असतं. एल निनोत ते बहुधा कमजोर पडतं आणि किनाऱ्यालगतचे पूर्वेकडून येणारे वारे मंदावतात. दक्षिण गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी डावीकडे वळतं. इथे डावीकडे किनारा आहे, म्हणजे हे वारे वरचं थंड पाणी किनाऱ्याशी दाबून धरत असतात. दाब सैल झाला की खोलातलं ऊबदार पाणी उथळ भागावर चढतं.

ऊबदार म्हणजे किती? जेमतेम १ अंश सेल्सिअस. पण १००० मीटर खोलीवर, दाबामुळे, खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू उणे २.६ च्या आसपास उतरतो. साडेतीन अंशांचा हा फरक आइस शेल्फचं, म्हणजे जमिनीवरून समुद्रात उतरून तरंगणाऱ्या हिमनदीच्या टोकाचं, बूड पोखरायला पुरेसा आहे.

याच समुद्रात उतरणाऱ्या पाइन आयलंड हिमनदीखाली समुद्रतळाचा एक उंचवटा आहे. ला निनाच्या, म्हणजे एल निनोच्या उलट स्थितीच्या, काळानंतर, २०१२ मध्ये, ऊबदार थर त्याच्या माथ्याखाली उतरला. आत जाणारं पाणी अडलं आणि वितळण्याचा वेग २०१० च्या तुलनेत निम्म्यावर आला. म्हणून दोन-तीन वर्षांच्या नोंदीवरून कल ठरवू नये, असं मला ठामपणे वाटतं.

उपग्रह शेल्फच्या माथ्याची उंची मोजतात; त्या मोजमापाची खरी मेख पुढे आहे. एल निनोत तिथे बर्फवृष्टीही वाढते. समजा, शेल्फवर ५० सेंटीमीटर बर्फ पडला. घनमीटरला ३५० किलो धरले, तर चौरस मीटरवर १७५ किलो भार आला. त्याने शेल्फ १७ सेंटीमीटर बुडेल, पण माथा ३३ ने वर येईल. त्याच वर्षी खालून १ मीटर घट्ट बर्फ वितळला, म्हणजे ९१७ किलो गेले. तरंगतं असल्यामुळे माथा मात्र ११ सेंटीमीटरच उतरेल. उपग्रहाला शेल्फ २२ सेंटीमीटर उंच झालेलं दिसेल, प्रत्यक्षात प्रत्येक चौरस मीटरमागे ७४२ किलो घटलेले असतील!

म्हणून नुसत्या उंचीवर विसंबता येत नाही. पृष्ठभागावरच्या बर्फाची घनता हवी, आणि जमेल तिथे शेल्फवर रडार ठेवून बुडाकडून येणारा प्रतिध्वनी महिनोन्‌महिने नोंदवायला हवा. बर्फाच्या आतल्या थरांचे प्रतिध्वनीही त्यात येतात. त्यांच्यातलं अंतर पाहून वरच्या बर्फाचं दबणं आणि आतल्या बर्फाचं ताणलं जाऊन पातळ होणं वेगळं काढता येतं; उरते ती खालची झीज.