पेवातला पिवळा खवीस

श्रोतेहो, नमस्कार.

परवा नातवंडांबरोबर मीही टीव्हीपुढं बसलो. 'स्कूबी-डू अँड द लॉक नेस मॉन्स्टर', 2004 चा कार्टून सिनेमा. चार पोरं, एक भित्रा कुत्रा, स्कॉटलंडचं तळं आणि त्यातला म्हणे राक्षस. ही टोळी 1969 पासून भुतं पकडतेय. मुखवटा ओढला की बहुतेक वेळा आत माणूसच निघतो. माणूसच निघतो, एवढं ध्यानात ठेवा. कारण मला खरं तर हरिपूरचा खवीस सांगायचाय.

हरिपूर आपल्या सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथली हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे, 2005 च्या महापुरात बरीचशी गेली. माझ्या लहानपणी ती भरलेली असत. एक मामाच्या घरामागंच होतं. "त्यात खवीस हाय, तिकडं फिरकायचं न्हाई," मामाची ताकीद.

मग काय! आम्ही चार भावंडं आणि मोत्या कुत्रा, दिवेलागणीला कडब्याच्या गंजीमागं दबा धरून. जमिनीतून आधी डोकं वर आलं. पिवळं. भुवया पिवळ्या, पापण्यासुद्धा पिवळ्या. चपला तिथंच टाकून आम्ही धूम ठोकली. मोत्या मात्र शेपूट हलवत खविसाचे पाय चाटत बसला.

रात्री ताईनं खरकट्यातली एक बशी दिव्याजवळ धरली. कडेवर पिवळी बोटं. पिवळी बोटं, श्रोतेहो! खवीस आमच्याच ओसरीवर चहा पिऊन गेला होता. पेवातनं हळद काढणारा हमाल, दुसरं कोण?

हळदीवरून आठवलं, ती तयार पुडी आणू नका हो. हळकुंडं घ्या, दळून आणा. सूनबाईंना हे पटत नाही, असो.

तर खवीस उठवला मामानंच. बंद पेवात हवा कोंडते, जीव घेते. उघडल्यावरही आधी कंदील सोडतात; विझला तर कुणी उतरत नाही. हे पोरांना सांगून ऐकतंय कोण? लॉक नेसचा 1934 सालचा गाजलेला फोटोही असाच, खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली मान! उघडकीला यायला साठेक वर्षं लागली. आम्हाला एक बशी पुरली.

सिनेमाचा शेवट सांगत नाही. नातवानं विचारलं, "आजोबा, खवीस परत आला?"

आला की. दुसऱ्या दिवशी, आमच्या चपला घेऊन. ताईनं मुद्दाम त्याच बशीतून चहा दिला.