आवाज कुणाचा? अमेरिकन कॉलेजांच्या मैदानावरची गाणी, घोषणा आणि त्यावरची भांडणं

(कॅमेऱ्यासमोर एक किल्ली हलवते. काहीच आवाज येत नाही.)

ऐकू आलं काही? नाही ना? एकट्या किल्लीचा आवाज होत नाही. हे मला अमेरिकेत एमएसच्या पहिल्या सेमिस्टरला कळलं.

रूममेटने मला फुटबॉलच्या सामन्याला ओढत नेलं होतं. त्यांचा फुटबॉल, म्हणजे हातात धरून पळायचा. विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये ॲल्युमिनियमचे बाक, बर्फासारखे गार, आणि तेही नावालाच, कारण साडेतीन तास तिथे कुणी टेकत नाही. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मध्येच आजूबाजूच्या सगळ्यांनी खिशातून किल्ल्यांचे जुडगे काढले आणि डोक्यावर धरून खुळखुळवायला लागले. शेजारचा मुलगा माझ्याकडे बघून ओरडला, "कीज! कीज!" मी काढली. ही एकच. त्याने ती बघितली, आपल्या जुडग्यातल्या दोन किल्ल्या सोडवल्या आणि माझ्या हातात कोंबल्या. ओळख ना पाळख! त्यातली एक चक्क त्याच्या गाडीची होती.

नंतर समजलं की तो 'थर्ड डाउन' होता. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, आणि चौथ्या वेळी बहुतेकदा चेंडू लाथाडून समोरच्याला देऊन टाकतात, म्हणून तिसरी संधी मोलाची. तेव्हा समोरच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल चालवणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, सूचना त्याच्याच खेळाडूंना ऐकू येऊ नयेत म्हणून हा गोंगाट. म्हणजे प्रेक्षक तिथे नुसते प्रोत्साहन देत नाहीत, अडथळा आणतात. नियमात बसणारा अडथळा.

आणि वेळ किती! एक प्ले, म्हणजे एक चाल, असते पाच-सहा सेकंदांची, आणि पुढची सुरू करायला घड्याळ देतं चाळीस सेकंद. सगळा खेळ असा थांबत थांबत चालतो. मधली जागा कुणीतरी भरायची. बँड भरतो, चिअरलीडर भरतात, लाउडस्पीकर भरतो, आणि कुणी नसलं तर पोरं भरतात. भांडण आहे ते इथेच. ती जागा कुणाची?

माझं मत आधीच सांगून टाकते, मग पुरावे देते. स्टेडियमला धरतं ते गाणं, ज्यात गर्दीला घुसायला फट असते. चाल चांगली असली पाहिजे असंही नाही. फट हवी. आपलंच बघा, "अरे आवाज कुणाचा?" म्हटल्यावर एक ठोक्याची जागा सुटते. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या निकालाच्या रात्री भारत नाट्य मंदिरात उभं राहिलेल्याला ती जागा काय असते हे मी सांगायला नको. पेन स्टेट विद्यापीठात अर्धं स्टेडियम म्हणतं "वी आर", उरलेलं म्हणतं "पेन स्टेट". तोच प्रकार.

(पडद्यावर: कॅन्ससचं बास्केटबॉल मैदान, दिवे मंद)

माझी सगळ्यात आवडती घोषणा कॅन्सस विद्यापीठाची. "रॉक चॉक, जेहॉक, केयू." जेहॉक हे त्यांच्या संघाचं टोपणनाव, केयू म्हणजे विद्यापीठ. १८८६ मध्ये बेली नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती विद्यापीठाच्या सायन्स क्लबसाठी तयार केली. रेल्वेने परत येताना चाकांच्या खडखडाटातून ठेका सुचला, असं सांगतात. मूळ शब्द होते "रा, रा". त्याच्या जागी "रॉक चॉक" आलं, कारण विद्यापीठाच्या टेकडीवर सापडतो चुन्याचा दगड. खडूचा खडक! भूगर्भशास्त्रातून युद्धघोषणा काढणारे लोक मी दुसरे पाहिलेले नाहीत.

पण खरी गंमत ती म्हणतात कशी, यात आहे. सामना हातात आला, विजय पक्का झाला, की मग ती सुरू होते, संथ, लांबवलेली, एखाद्या मठातल्या प्रार्थनेसारखी. पाहुण्या संघाचे लोक तेव्हा कोट घालत असतात. हिणवणारा एक शब्द त्यात नाही, पण इतका शांत अपमान दुसरा नसेल.

आता टेनेसी. तिथे "रॉकी टॉप" वाजतं. १९६७ चं गाणं, बँडने वाजवायला घेतलं १९७२ मध्ये, आणि १९८२ मध्ये ते राज्याच्या अधिकृत गाण्यांपैकी एक झालं. विद्यापीठाचं सामन्यांसाठीचं अधिकृत गीत मात्र वेगळंच आहे, "डाउन द फील्ड". रस्त्यावर कुणाला विचारा, सांगता येतं का बघा. या "रॉकी टॉप"मध्ये दोन ओळींच्या मध्ये पोरं "वू!" ओरडतात. मूळ गाण्यात "वू" नाही. जुन्या मंडळींपैकी काहींना ते असं खटकतं, जसं आरतीत कुणी मध्येच शिट्टी मारावी. माझं मत पोरांच्या बाजूने आहे. फट दिसली, भरली.

अलाबामात मात्र या फटीने प्रशासनाला घाम फोडला. "डिक्सीलँड डिलाइट" हे गोड ग्रामीण प्रेमगीत. विद्यार्थ्यांनी त्यात ओळीओळीला आपली भर घातली आणि एका जागी ऑबर्न या शेजारच्या वैऱ्याला अशी शिवी बसवली, की टीव्हीवाल्यांची पंचाईत. विद्यापीठाने गाणंच बंद केलं. मग विद्यार्थ्यांनी मनधरणी केली, सभ्यपणे गाऊ म्हणून शब्द दिला, आणि २०१८ मध्ये ते परत आलं. यावेळी शिवीच्या जागी लाउडस्पीकरवरून "बीट ऑबर्न" ओरडायची सोय केलेली! पोरांनी काय केलं असेल? लाउडस्पीकरपेक्षा मोठ्याने ओरडले. जुनंच.

तुम्ही म्हणाल, मग बंदी हाच उपाय. थांबा, ड्यूक विद्यापीठाची गोष्ट सांगते.

१९८४, जानेवारी. ड्यूकच्या बास्केटबॉल हॉलमध्ये पाहुण्या संघातल्या एका खेळाडूवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप होते, आणि त्यावरून विद्यार्थ्यांनी इतकी खालची पातळी गाठली, की मैदानावर अंतर्वस्त्रं फेकली. देशभर छी-थू झाली. विद्यापीठाचे अध्यक्ष होते टेरी सॅनफर्ड, नॉर्थ कॅरोलायनाचे माजी गव्हर्नर. राजकारणात मुरलेला माणूस. त्यांनी कुणाला निलंबित केलं नाही. विद्यार्थ्यांना एक पत्र लिहिलं, काकाच्या प्रेमळ सुरात, आणि खाली सही केली: "अंकल टेरी".

पुढच्या घरच्या सामन्याला कट्टर वैरी नॉर्थ कॅरोलायना आला. आणि पोरं आली डोक्यावर तारेची आणि चंदेरी फॉइलची प्रभावळ लावून, देवदूत बनून! पंचांनी विरोधात निर्णय दिला, की एरवीच्या शिवीऐवजी सगळा हॉल एका सुरात म्हणायचा, "वी बेग टू डिफर." म्हणजे, "क्षमस्व, आमचं मत जरा वेगळं आहे."

मला विचाराल तर कॉलेजच्या मैदानावर झालेली ही सर्वोत्तम घोषणा. शिवीपेक्षा जास्त बोचरी, आणि पत्राचा मानही राखलेला. अर्थात प्रत्येक विद्यापीठाला अंकल टेरी मिळत नाही.

विस्कॉन्सिनचं पटकन सांगते. १९९८ मध्ये पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात तिसरं सत्र संपल्यावर लाउडस्पीकरवर "जंप अराउंड" लावलं आणि स्टँड उड्या मारायला लागला. प्रथाच पडली. २००३ मध्ये स्टेडियमचं बांधकाम चालू होतं, काळजीपोटी हंगामाच्या सुरुवातीला ते वाजवलं नाही, तर विद्यार्थी भडकले. शेवटी अभियंत्यांनी इमारतीला धोका नाही म्हणून सांगितलं आणि उड्या परत सुरू. गाण्याला स्ट्रक्चरल ऑडिटची गरज पडली, पुढे काय बोलायचं.

(थांबते. किल्ली टेबलावर ठेवते.)

आता जिथे माझी ही फटीची थिअरी अडते, ते सांगते. टेक्सास विद्यापीठ.

"द आइज ऑफ टेक्सास" हे तिथलं १९०३ चं गीत. सामना जिंका वा हरा, खेळाडूंनी प्रेक्षकांसमोर उभं राहून ते गायचं, हा रिवाज. ते पहिल्यांदा गायलं गेलं ते मिन्स्ट्रेल शोमध्ये, म्हणजे गोरे लोक तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायचे त्या प्रकारच्या कार्यक्रमात. २०२०च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाने हत्या केल्यानंतर, खेळाडूंनी मागणी केली, की हे गीत बदला. त्या ऑक्टोबरात ओक्लाहोमाकडून हरल्यावर गाणं सुरू झालं आणि मैदानावर दिसला क्वार्टरबॅक सॅम एलिंगर, जवळजवळ एकटा. तो फोटो सगळीकडे फिरला. बँडमधले काहीजण वाजवायला तयार नव्हते, तेव्हा ध्वनिमुद्रित गाणं लावलं गेलं. देणगीदार चिडले, काहींनी पैसे बंद करण्याच्या धमक्या दिल्या. २०२१च्या मार्चमध्ये विद्यापीठाच्या समितीने अहवाल दिला, की गीतामागे वर्णद्वेषी हेतू नव्हता. गीत राहिलं.

स्टँडमधल्या माणसाचं म्हणणं मला कळतं. त्याच्या वडिलांच्या अंत्यविधीला ते गायलं गेलं असेल, त्याला मिन्स्ट्रेल शो माहीतही नसेल. पण इथे प्रेक्षक ओरडून मोकळे होत नव्हते, दुसऱ्यांकडून गाऊन घेत होते. मैदानावर घाम गाळलेल्या, ते ऐकून आत काहीतरी तुटणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने हात वर करून उभं राहायचं, कारण वरच्या बॉक्समधल्या कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं? मला नाही पटत. "वू" ओरडायला कुणी कुणावर जबरदस्ती करत नाही.

आणि जाता जाता माझं गाऱ्हाणं. मी शिकत होते तिथे दुसऱ्या वर्षी नवी साउंड सिस्टिम आली. प्रत्येक चाळीस सेकंदांत रॅप, जाहिरात, पुन्हा रॅप. बँडची पोरं ट्रॉम्बोन मांडीवर ठेवून बसलेली. ती आदल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये सराव करायची, माझ्या खिडकीखाली, मला पाठ झालं होतं सगळं. थर्ड डाउनला किल्ल्या निघाल्या, पण स्पीकर इतका मोठा, की आपल्याच हातातली खुळखुळ आपल्याला ऐकू येईना. दोनतीन सामन्यांनंतर आमच्या रांगेत किल्ल्या निघायच्या थांबल्या.

त्या मुलाच्या गाडीची किल्ली मी त्याच दिवशी परत दिली होती, काळजी नको.

आता तुमची पाळी. तुमच्या कॉलेजची घोषणा खाली लिहा. शिव्या असतील तर अंकल टेरीला चालेल अशा करून लिहा.