कॅज्युअल्टीतली माणसे : आपत्कालीन सेवांवरच्या मालिका आणि त्यांतले वास्तव

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीवर किंवा अग्निशमन दलावर बेतलेल्या मालिकांचा विषय निघाला की त्या क्षेत्रातली मंडळी आधी चुका मोजू लागतात, आणि त्यांचे म्हणणे खरे असते. मॉनिटरवरची रेषा सपाट होते, डॉक्टर सगळ्यांना बाजूला व्हायला सांगून छातीवर शॉक देतो आणि रुग्ण डोळे उघडतो, हे दृश्य आपण इतक्या वेळा पाहिले आहे की त्यात काही खोटे असेल अशी शंकाही येत नाही. वास्तविक हृदयातली विद्युत हालचाल पूर्ण थांबली असेल तर शॉकने काहीही साधत नाही. हृदय अनियमितपणे फडफडत असते तेव्हाच तो उपयोगी पडतो. सपाट रेषेपुढे करायचे असते ते छाती दाबत राहणे आणि ॲड्रेनलिन देणे. हे काम दिसायला कंटाळवाणे, करायला दमवणारे आणि बहुतेक वेळा अपयशी ठरणारे आहे.

१९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तीन अमेरिकी कार्यक्रमांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की छोट्या पडद्यावर हृदय बंद पडलेल्या रुग्णांपैकी पाऊणशे टक्के त्या क्षणी वाचतात आणि दोन तृतीयांश रुग्ण बरे होऊन घरी जातात असे दाखवले जाते. प्रत्यक्षातले प्रमाण याच्या जवळपासही नाही. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या अपेक्षा अशा दृश्यांवर पोसलेल्या असतात, म्हणून ही चूक क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही. तरीही उपकरणे, औषधे आणि त्यांचा क्रम बरोबर असणे ही या मालिकांच्या वास्तवाची पहिली पायरी आहे, आणि टीका बहुधा त्याच पायरीवर थांबते. मला बोलायचे आहे ते पुढचे : तेच काम वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसाचे काय होते, हे मालिकेला दाखवता येते का?

पहिली पायरी उत्तम गाठलेली मालिका म्हणून एनबीसी या अमेरिकी वाहिनीच्या ‘इमर्जन्सी!’चे नाव घ्यावे लागेल. १९७२ ते १९७७ या काळात ती चालली. त्या वेळी अमेरिकेत पॅरामेडिक ही व्यवस्थाच नवी होती. अग्निशमन दलाच्या प्रशिक्षित जवानांना घटनास्थळी वैद्यकीय उपचार करू देणारा कायदा कॅलिफोर्नियात १९७० साली झाला, आणि मालिकेची सुरुवात ज्या चित्रपटाने झाली त्याचे कथानक याच कायद्याभोवती फिरते. डॉक्टर नसलेल्या माणसाने सलाइन लावावे का, या प्रश्नावर त्यातला डॉ. ब्रॅकेट आधी विरोधात असतो आणि पुढे कायद्याच्या बाजूने साक्ष देतो. पुढच्या भागांत गेज आणि डिसोटो हे दोन जवान घटनास्थळावरून रेडिओवर रुग्णालयाशी बोलतात, ईसीजी पाठवतात, तिकडून सूचना येते आणि मग रिंगर लॅक्टेट हे सलाइन सुरू होते. कामाचा हा क्रम इतक्या निष्ठेने दाखवला गेला, की ‘आमच्या गावात असे पथक का नाही’ असे प्रेक्षक विचारू लागले. मालिकेने समाजात एवढे काही घडवावे, हे दुर्मीळच म्हणायचे.

पण त्याच मालिकेतला गेज पहिल्या वर्षी जसा भेटतो तसाच शेवटच्या वर्षीही भेटतो. त्याने किती अपघात पाहिले, किती माणसे त्याच्या हातात गेली, याचा कसलाही थर त्याच्यावर साचत नाही. दर आठवड्याला पाटी कोरी. त्या काळच्या मालिकांचा हा रिवाजच होता, कारण कोणताही भाग कोणत्याही क्रमाने पुन्हा दाखवता आला पाहिजे, हे प्रसारणाचे गणित त्यामागे होते. मात्र रोज मृत्यू पाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा रिवाज इतर कुणाहीपेक्षा जास्त खटकतो.

१९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘ईआर’ (म्हणजे ‘इमर्जन्सी रूम’) या मालिकेने हा रिवाज मोडला, आणि म्हणून तिच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. मायकेल क्रायटन स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेले लेखक. त्यांनी ही पटकथा १९७४ च्या सुमारास लिहिली होती. शिकागोतले एक काल्पनिक सरकारी रुग्णालय, माणसाच्या पाठोपाठ खोल्याखोल्यांतून धावणारा कॅमेरा, आणि कुणीही थांबून समजावून न सांगणारी डॉक्टरी परिभाषा ही तिची ओळख झाली. प्रेक्षकाला शब्द कळत नसत, पण कुणाचा आवाज चढला आणि कोण गप्प झाले यावरून परिस्थिती नेमकी कळे. परिभाषा न उलगडण्याचे धाडस हे माझ्या मते त्या मालिकेचे पहिले मोठे कलात्मक यश होते.

मार्च १९९५ मधल्या तिच्या एका भागाचा उल्लेख आजही होतो. तो लिहिणारे लान्स जेंटाइल हे स्वतः आपत्कालीन विभागात काम केलेले डॉक्टर. डॉ. मार्क ग्रीन एका गरोदर स्त्रीला मूत्राशयाचा संसर्ग झाला असावा असे समजून घरी पाठवतो, आणि ती परत येते तेव्हा तिला झटके येत असतात. रक्तदाबाशी संबंधित विकाराची लक्षणे त्याच्या नजरेतून सुटलेली असतात. प्रसूतितज्ज्ञ वरून लवकर येत नाही, बाळाचा खांदा अडकतो, आणि अखेरीस ग्रीन तिथेच शस्त्रक्रिया करून बाळ वाचवतो, पण आई जाते. या भागातली वैद्यकीय प्रक्रिया बारकाईने रचलेली आहेच. तिची भीषणता मात्र अशी, की एकेक निर्णय त्या त्या क्षणी समजण्यासारखा असतो आणि सगळे मिळून एका बाईचा जीव जातो. नाट्यासाठी इथे खलनायक आणलेला नाही. ग्रीन निष्काळजी नाही, आळशी नाही. तो चांगला डॉक्टर आहे, आणि त्या रात्री त्याचे चुकते.

इतर मालिकांत हा प्रसंग ‘हृदयद्रावक भाग’ म्हणून संपला असता. इथे त्याचे ओझे पुढच्या वर्षांत सरकत गेले. न्यायालयीन दावा झाला. पुढे रुग्णालयातच ग्रीनवर जीवघेणा हल्ला झाला, आणि मूळचा मवाळ, थट्टेखोर माणूस हळूहळू आक्रसत गेला. मग मे २००१ मधला एक भाग येतो. अनेकांना गोळ्या घालणारा एक जखमी माणूस लिफ्टमध्ये ग्रीनसोबत एकटा असतो आणि त्याचे हृदय अशा स्थितीत जाते की जिथे शॉक खरोखरच उपयोगी पडला असता. ग्रीन शॉकयंत्र भारतो, पॅडल हातात घेतो, आणि शॉक हवेत सोडतो. नोंद होते, पण उपचार होत नाही.

सुरुवातीला मी शॉकबद्दल जे बोललो ते इथे कामी येते. शॉक कधी लागू पडतो हे मालिकेने बरोबर दाखवले नसते, तर त्या लिफ्टमध्ये नेमके काय घडले हे कळायलाच मार्ग नव्हता. तांत्रिक अचूकता ही इथे सजावट राहत नाही. माणसाने काय केले याचा तो एकमेव पुरावा ठरतो. आणि १९९५ मध्ये एका बाईला वाचवण्यासाठी जिवाचे रान करणारा डॉक्टर ओळखीचा असल्याशिवाय २००१ मधल्या त्या हातांचे वजन जाणवत नाही. सहा वर्षांचे हे अंतर केवळ दीर्घ मालिकेलाच परवडते. दोन तासांच्या चित्रपटाला ते तोंडी सांगावे लागले असते. (शेवटच्या काही हंगामांत हीच मालिका हेलिकॉप्टर आणि स्फोटांच्या नादी लागली, हेही सांगून टाकतो. दीर्घायुष्याची ती किंमत.)

अग्निशमन दलाच्या बाजूला ‘रेस्क्यू मी’ ही २००४ ते २०११ या काळातली मालिका उलट दिशेने जाते. न्यूयॉर्कच्या दलाने ११ सप्टेंबर २००१ रोजी ३४३ माणसे गमावली. या मालिकेचा नायक टॉमी गॅविन हा त्या दिवशी वाचलेला, आणि त्याचा त्या दिवशी गेलेला नात्यातला भाऊ त्याला दिसत राहतो. हंगामामागून हंगाम जातात आणि टॉमी सुधारत नाही. दारू सुटते, पुन्हा लागते. घर जुळते, पुन्हा मोडते. व्यक्तिरेखेचा विकास म्हणजे सुधारणा, असे पटकथालेखनाच्या वर्गांतून शिकवले जाते, पण आघात सोसलेल्या माणसाचा प्रवास बऱ्याचदा गोल फिरत असतो. पुरुषी फुशारकीच्या आहारी जाऊन ही मालिका कित्येकदा तोल घालवते. तरीही आगीत निर्भय असलेला माणूस घरात किती दुबळा असू शकतो, हे तिच्याइतके उघडेपणाने क्वचितच कुणी दाखवले असेल.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘द पिट’ने प्रश्नच नव्या तऱ्हेने मांडला. पहिल्या हंगामात पिट्सबर्गमधल्या एका आपत्कालीन विभागाची एकच पाळी, पंधरा भाग, प्रत्येक भाग एक तासाचा. ‘ईआर’मध्ये विद्यार्थी म्हणून आलेला नोआ वायली इथे विभागप्रमुख डॉ. रॉबी आहे. वर्षे नाहीत, मग बदल कसा दाखवायचा? मालिका ते थकव्यातून दाखवते. सकाळी सातला डॉ. रॉबी रुग्णांच्या नातेवाइकांशी ज्या धीराने बोलतो, तो धीर संध्याकाळपर्यंत झिजतो, आणि कोविडमध्ये गेलेल्या गुरूची आठवण त्याला भर गर्दीत जमिनीवर बसवते. पार्श्वसंगीत जवळजवळ नसल्याने कुठे रडायचे याची सूचना प्रेक्षकाला मिळत नाही. मुख्य परिचारिका डेना हिची व्यक्तिरेखा तर भाषणांविनाच उभी राहते : कुठला बेड रिकामा होतोय, कोणता शिकाऊ डॉक्टर कोसळायच्या बेतात आहे, हे तिला सर्वांच्या आधी दिसते, आणि तिचे हे दिसणे हाच तिचा स्वभाव. बाहेर ताटकळलेला एक रुग्ण तिच्या तोंडावर ठोसा मारतो, त्यानंतर ती कामावर परतते खरी, पण तिच्या हालचालीतली सहजता गेलेली असते.

आपल्याकडे ‘मुंबई डायरीज’ने २०२१ मध्ये २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याची रात्र एका काल्पनिक सरकारी रुग्णालयातून दाखवली. अपुरे साहित्य, कोंदट मार्गिका आणि पहिल्याच दिवशी हजर झालेले तीन शिकाऊ डॉक्टर ही तिची मांडणी पटते. अडचण अशी की प्रत्येकाचा भूतकाळ, घराणे आणि दुखणे संवादांतून सांगण्याची तिला घाई आहे. रक्तस्राव सुरू असतानाही माणसे एकमेकांना भाषणे देतात. दैनंदिन मराठी मालिकांकडे तर आठवड्याचे पाच-सहा दिवस असतात, वेळेची चणचण मुळीच नाही. पण त्यांतले रुग्णालय म्हणजे दारावरचा लाल दिवा आणि बाहेर हात जोडून उभे कुटुंब. आत काम करणारी सिस्टर कोण, तिची नाइट ड्यूटी कितवी, हे आपल्याला कधी कळत नाही.

वास्तविक सामग्री हाताशी आहे. महाराष्ट्रातली १०८ ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो, हे तिचे वैशिष्ट्य. एक डॉक्टर, एक चालक, ज्याला तिथे पायलट म्हणतात, आणि घाटातला रस्ता. कॉल आला की काय करायचे ते दोघांनाही ठाऊक असते. त्यामुळे लेखकाला खरे लिहायचे आहे ते दोन कॉलच्या मधले तास. स्ट्रेचर धुऊन झाल्यावर ही दोघे कशावर बोलतात, मागच्या फेरीत दगावलेल्या मुलाचे नाव कोण काढतो आणि कोण काढू देत नाही, आणि दोन वर्षांनी याच जोडीतला कोण बदलीसाठी अर्ज करतो.