पासबुक आणि मागणीपत्र

मंडळी, मी सरकारी औषध भांडारात तीसेक वर्षं काढली. औषधनिर्माण अधिकारी म्हणून लागलो आणि त्याच हुद्द्यावर निवृत्त झालो. भांडारात औषधांचा वास येत असेल असं लोकांना वाटतं. खरा वास ओल्या पुठ्ठ्यांचा आणि उंदरांचा. तेव्हा ‘मध्यवर्ती खरेदी’ या विषयावर मी मंत्रालयाच्या बाजूने बोलणार नाही, त्या पुठ्ठ्यांच्या बाजूने बोलेन.

आमच्या उमेदीच्या काळात दरकरार होते. उद्योग विभागाखालची मध्यवर्ती भांडार खरेदी संघटना दर ठरवायची आणि त्या दराने प्रत्येक कार्यालय आपापला आदेश काढायचं. म्हणजे भाव एका जागी, पण किती घ्यायचं, कधी घ्यायचं आणि बिल कोण भागवणार, हे सगळं विखुरलेलं. माल उशिरा आला तर संघटना म्हणणार, आम्ही फक्त दर दिला. कार्यालय म्हणणार, पुरवठादार आम्ही निवडलाच नाही. एका वर्षी आम्हाला निधी आला मार्चच्या विसाव्या तारखेला. ३१ तारखेच्या आत खर्ची टाकायचा. मग जे ताबडतोब मिळतं ते घेतलं. खोकल्याचं औषध इतकं आलं की खोकी व्हरांड्यात रचून ठेवली, आणि जुलैत गॅस्ट्रोची साथ आली तेव्हा ओआरएसची पाकिटं उसनी आणायला मी स्वतः शेजारच्या तालुक्याला गेलो. हिशेबात मात्र त्या वर्षी आमचा खर्च शंभर टक्के!

२०१५ साली चिक्कीच्या खरेदीवरून गदारोळ झाला, तो आठवत असेल. २०६ कोटींची खरेदी ई-निविदा न काढता दरकरारावर केली, हा त्यातला मुख्य आक्षेप. आरोपांचं खरंखोटं बाजूला ठेवतो. पण त्यानंतर दरकरार हा शब्दच संशयास्पद झाला. १ डिसेंबर २०१६ला खरेदीची नवी नियमपुस्तिका आली. तिकडे दिल्लीत त्याच वर्षी सरकारी खात्यांच्या ऑनलाइन खरेदीसाठी जेम पोर्टल सुरू झालं आणि देशभरासाठी दरकरार करणारं केंद्राचं पुरवठा महासंचालनालय २०१७च्या ऑक्टोबरअखेर बंद झालं. जेमबद्दल माझी तक्रार नाही. खुर्च्या, संगणक, कागद घ्यायला ते ठीक आहे. खुर्ची उशिरा आली तर माणूस उभा राहतो. इन्सुलिनचं तसं नाही.

औषधांसाठी आपण महाराष्ट्रात २०१७ साली वेगळा मार्ग धरला. सगळी खरेदी परळच्या हाफकिन महामंडळाकडे दिली. विचार चुकीचा नव्हता. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण ही दोन खाती एकच गोळी वेगवेगळ्या भावाने घेत होती, ती एकत्र आली तर भाव उतरणारच. पण हाफकिनचा पिंड लस बनवण्याचा. हजार वस्तूंच्या निविदा काढणं, त्या वेळेत उघडणं, पुरवठादाराच्या मागे लागणं हा निराळाच धंदा आहे. औषधं उशिरा येतात ही ओरड विधिमंडळापर्यंत गेली. शेवटी २०२३मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण नेमलं.

आता तामिळनाडूकडे वळतो. त्यांनी १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं आणि १९९५च्या जानेवारीत कामाला सुरुवात केली. तिथेही आधी खरेदीत घोटाळे झालेले होतेच, कुणी साधुसंत नव्हते. त्यांनी आवश्यक औषधांची आटोपशीर यादी केली, ब्रँड सोडून मूळ नावाने निविदा काढल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कोठारं बांधली. माल आला की नमुना प्रयोगशाळेत जातो, पण कंपनीचं नाव झाकून, नुसता सांकेतिक क्रमांक लावून. तपासणाऱ्याला माल कुणाचा हेच कळत नाही. चाचणीत पास झाल्याशिवाय गोळी कोठाराबाहेर पडत नाही.

यातलं बरंचसं इतरांनी उचललं. राजस्थानने २०११मध्ये याच वाटेवर मोफत औषध योजना उभी केली. पण मला विचाराल तर खरी गंमत तामिळनाडूच्या पासबुकात आहे. प्रत्येक रुग्णालयाला वर्षाला अमुक रकमेचं पासबुक मिळतं. त्यातून जिल्ह्याच्या कोठारातून हवं ते, हवं तेव्हा उचलायचं. अडीनडीला स्थानिक खरेदीसाठी साधारण दहा टक्के रक्कम वेगळी.

याने काय होतं, ते आमच्या मागणीपत्राशी ताडून बघा. आम्ही मागणी कशी लिहायचो? गेल्या वर्षीचा आकडा, अधिक दहा टक्के. शिवाय वरून निम्मंच येणार हे ठाऊक, म्हणून दुप्पट लिहायचं. वरच्यालाही ठाऊक की हे दुप्पट लिहितात, म्हणून तो निम्मं कापायचा. हा खेळ सगळे जिल्हे खेळले की मुंबईत जी बेरीज होते, ती औषधांची गरज नसते, एकमेकांवरच्या अविश्वासाची बेरीज असते. मग त्या आकड्यावर जगातला कितीही प्रामाणिक माणूस निविदा काढो. पासबुकात दुप्पट उचललं तर खर्च कुणाचा? आपलाच. खोकल्याच्या औषधाचे पैसे गेले की ओआरएसला कमी पडणार, हे डॉक्टरला तिथल्या तिथे दिसतं. आणि प्रत्येक उचल कोठाराच्या संगणकात चढते, त्यामुळे पुढच्या निविदेचा आकडा अंदाजपंचे निघत नाही.

एका अभ्यासदौऱ्यात मी मदुराईचं कोठार पाहिलं. ग्रामीण रुग्णालयातून एक सिस्टर आल्या होत्या. यादीतल्या दोन औषधांवर त्यांनी काट मारली आणि सलाइनच्या बाटल्या वाढवल्या. भाषेची अडचण, तरी मी दुभाष्याकडून विचारलं, का? त्या म्हणाल्या, पाऊस जवळ आलाय. परवानगी कुणाची घेतली, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण लाज वाटली. मी नुसतं ते पासबुक हातात घेऊन पाहिलं. बँकेसारखंच, शेवटचा रकाना शिल्लकीचा. आमच्या मागणीपत्राला अकरा रकाने होते. हा नव्हता.